क्लच पेडल खाली गेलं तेव्हा : साताऱ्यात जुन्या एमएक्स-५चं निदान

क्लचचं पेडल जमिनीला टेकलं आणि वर आलं नाही असं सांगितलं, की बहुतेक ठिकाणी पहिलं वाक्य एकच ऐकू येतं : "प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." मलाही तेच ऐकायला मिळालं. प्लेट गेली नव्हती. पण ते सिद्ध होऊन गाडी पुन्हा नीट रस्त्यावर येईपर्यंत एप्रिल २०२४चा जुलै उजाडला, आणि त्यातच आरटीओची मुदत येऊन उभी राहिली. सुटे भाग सहज न मिळणारी जुनी गाडी घरात असेल, तर अशा दिवसांत जिवाला किती घोर लागतो ते मला माहीत आहे. म्हणून जे झालं ते क्रमाने लिहिते.

गाडी १९९१ची माझदा एमएक्स-५. १५९८ सीसीचं इंजिन, पाच गिअर, दोनच सीट, कापडी छत. माझे मामा इंग्लंडमध्ये डॉक्टर होते. १९९४मध्ये ते कायमचे परतले, तेव्हा परदेशातून घरी परतणाऱ्यांसाठी असलेल्या तरतुदीखाली ड्युटी भरून त्यांनी ही गाडी सोबत आणली. स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे ते शक्य झालं. मामांचे गुडघे इतक्या खाली बसून उठायला नाही म्हणू लागले, तेव्हा गाडी साताऱ्याला माझ्याकडे आली आणि रीतसर माझ्या नावावर झाली. मी ती रविवारी सकाळी कासच्या रस्त्याला नेते, एरवी ती झाकून ठेवलेली असते. तिच्यावर माझा जीव आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

एप्रिलच्या मध्यावर पहिली खूण दिसली. सकाळी गेटमधून मागे घेताना रिव्हर्स टाकला की कर्रर्र आवाज यायचा. या गाडीत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी फेऱ्यांचा वेग जुळवणारी कडी, नाही, त्यामुळे क्लच पूर्ण सुटला नसेल तर सगळ्यात आधी तोच ओरडतो. तुमच्याकडे असं झालं तर एक साधी परीक्षा घ्या. गाडी न्यूट्रलला चालू ठेवा, पेडल पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग हळूच रिव्हर्स टाका. तरी आवाज आला तर क्लच सुटत नाहीये. आता इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत ते लोण्यासारखे पडले तर गिअरबॉक्सवर संशय घ्यायचं कारण फारसं उरत नाही. माझ्याकडे नेमकं तसंच झालं.

क्लच न सुटणं आणि क्लच घसरणं हे दोन वेगळे आजार आहेत. प्लेट झिजली की क्लच घसरतो. चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो. माझी गाडी यवतेश्वरचा घाट चौथ्यातही तक्रार न करता ओढत होती. हे मी पुढे गॅरेजमध्येही सांगितलं.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी कासहून उतरताना घाटातच पेडल मऊ झालं आणि समर्थ मंदिराच्या अलीकडे सरळ खाली जाऊन बसलं. पायाच्या बोटांनी ते वर ओढावं लागलं. दोन-चारदा भराभर पंप केलं की थोडा जीव यायचा, तेवढ्यात गिअर पडायचा, मग पुन्हा मऊ. पोटात गोळा आला होता, पण मला पहिला पुरावाही तिथेच मिळाला. पंप केल्याने फरक पडतो याचा अर्थ दोष बहुधा तेलाच्या बाजूला आहे. झिजलेली प्लेट किंवा मोडलेला फोर्क (क्लच सोडवणारा आतला दांडा) कितीही पंप केलं तरी सुधारत नाही.

शाहूपुरीपर्यंत यायचं होतं. शेवटी शेवटी पंपाचाही उपयोग होईना. तेव्हा रस्ता मोकळा होईपर्यंत थांबले, इंजिन बंद केलं, पहिला गिअर टाकला आणि किल्ली फिरवली. स्टार्टरच्या जोरावर गाडी झटका देत पुढे निघते आणि इंजिन चालू होतं. पुढे पहिल्याच गिअरमध्ये हळू चालवत घर गाठायचं. सपाट, रिकामा रस्ता असेल तरच हे करा. समोर माणूस किंवा वाहन असताना अजिबात करू नका, कारण गाडी लगेच पुढे सरकते.

गॅरेजमध्ये पेडल दाबून पाहिलं आणि दोन मिनिटांत निदान झालं : प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं बाहेरून मागवायचं, गिअरबॉक्स उतरवायचा, ४५,००० रुपये, वेळ सांगता येत नाही. या गाडीत गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल जोडणारी एक लांब ॲल्युमिनियमची फ्रेम असते. गिअरबॉक्स खाली घ्यायचा तर आधी ती सोडवावी लागते. पूर्वी कधीही न केलेलं हे काम कुणीतरी माझ्या गाडीवर पहिल्यांदा करणार, तेही कारण न तपासता, हे मला पटेना. "मी आठवड्याने सांगते," म्हणून गाडी ओढत घरी आणली.

७ मेला लोकसभेचं मतदान होतं, सगळ्यांना सुट्टी. सकाळी मतदान करून आल्यावर माझा भाचा मदतीला आला. तो पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. "आत्या, आधी मोजू या, मग उघडू या," हे त्याचं म्हणणं मला फार आवडलं.

ज्यांना रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पेडल एक दांडी ढकलतं, ती दांडी मास्टर सिलिंडरमधलं तेल ढकलते, ते तेल नळीतून खाली गिअरबॉक्सपाशी असलेल्या स्लेव्ह सिलिंडरला जातं, आणि त्याची दांडी फोर्क ढकलते. आपल्याकडे मिस्त्री लोक याला वरचा सिलिंडर आणि खालचा सिलिंडर म्हणतात. एमएक्स-५मध्ये क्लचच्या तेलाची छोटी डबी ब्रेकपेक्षा वेगळी असते. ती उघडली तर तेल निम्म्याहून खाली आणि काळं. तेल काळं झालं की आतलं रबर झिजून त्यात मिसळतंय, असं समजायला हरकत नाही.

मग गळती शोधली. आधी पेडलच्या वर, जिथे दांडी मास्टरमध्ये शिरते तिथे टॉर्च मारला आणि बोट फिरवलं. कोरडं. खालचा गालिचाही कोरडा. त्यानंतर गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवली, मागच्या चाकांमागे दगड लावले. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, कितीही घाई असो. भाचा खाली गेला आणि स्लेव्हच्या टोकाचं रबरी टोपण त्याने मागे दुमडलं. आतून काळं तेल त्याच्या मनगटावर ओघळलं.

इथे बरेच जण थांबतात. पण आम्ही मोजमाप सोडलं नाही, आणि पुढे त्याचाच उपयोग झाला. वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे मास्टरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, १५.८७ मिलिमीटर, म्हणजे पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). स्लेव्हचा १९.०५, म्हणजे सहा सूत. दोन्हींच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर २५ला ३६. वरची दांडी २० मिलिमीटर सरकली तर खालची साधारण १४ सरकायला हवी. मोकळ्या खेळातले थोडे वजा केले तरी १३ यायलाच हवेत. मी पेडल दाबून धरलं, भाच्याने पट्टी लावली. सात. म्हणजे निम्मी हालचाल वाटेतच हरवत होती आणि फोर्कपर्यंत पोहोचतच नव्हती. खाली पूर्ण १३ भरले असते आणि तरीही क्लच सुटला नसता, तर गॅरेजवाल्यांचं म्हणणं बरोबर ठरलं असतं आणि मी मुकाट्याने गिअरबॉक्स उतरवायला होकार दिला असता. कोणत्याही हायड्रॉलिक क्लचच्या गाडीत हे माप घेता येतं. एक माणूस पेडलवर, एक खाली, आणि एक पट्टी लागते.

एमआयडीसीत एक वयस्कर मिस्त्री आहेत. आयुष्यभर ट्रक आणि जीपच्या हायड्रॉलिकचं काम केलेले. स्लेव्ह दोन बोल्टवर असतो, काढायला सोपा. तो पिशवीत घालून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी तो उघडला, वायसर, म्हणजे तेल अडवणारी आतली रबरं, बाहेर काढले, आत बोट घातलं आणि म्हणाले, "ताई, रबर मिळेल, सहा सुताचं किट बसतं. पण आत खड्डे पडलेत. मी घासून देतो, किती दिवस टिकेल ते सांगत नाही." ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषून घेतं, ते पाणी आत बसून गंज धरतं, आणि वर्षानुवर्षं तेल बदललं नाही की हे खड्डे पडतात. काम आणि किट मिळून ६५० रुपये झाले. एवढं स्पष्ट बोलणारा माणूस भेटला म्हणून मला त्या दिवशी हलकं वाटलं.

सिलिंडर बसवला, नवं डॉट ४ ब्रेकचं तेल घातलं (क्लचलाही तेच लागतं) आणि एअर काढली. पेडल वर आलं, रिव्हर्स शांतपणे पडला. मेचे उरलेले दिवस गाडी चालली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पोवई नाक्यावरच्या गर्दीत वेगळाच प्रकार झाला. पेडल दाबून, पहिल्या गिअरमध्ये उभी होते. पाय तसूभरही हलवला नव्हता, तरी गाडी हळूहळू पुढे सरकायला लागली. सोडून पुन्हा दाबलं की नीट. आणखी थोडा वेळ धरलं की पुन्हा सरकायची. घरी येऊन पाहिलं तर कुठेही ओल नाही. स्लेव्हचं टोपण कोरडं, पेडलची दांडी कोरडी, डबीतलं तेल होतं तेवढंच.

हे लक्षण ओळखायला अवघड आणि म्हणूनच माणसाला सगळ्यात जास्त गोंधळवणारं आहे. मास्टरच्या आतला वायसर झिजला की तेल बाहेर गळत नाही, पिस्टनच्या बाजूने परत मागे डबीकडे सरकतं. बाहेरून सगळं कोरडं आणि दाब मात्र टिकत नाही. खात्री करायला स्लेव्हकडे जाणारी रबरी नळी गोल तोंडाच्या क्लॅम्पने दाबून बंद केली. आता पेडल दाबलं तर ते उंचावर, दगडासारखं घट्ट राहायला हवं. राहिलं असतं तर दोष नळीत किंवा खाली. पण ते पायाखाली सावकाश बुडतच गेलं. मास्टर. नळी जुनी असेल तर क्लॅम्पने ती दुखावते, तेव्हा ती बदलायचीच असेल तरच ही परीक्षा घ्या.

खालचा सिलिंडर दुरुस्त केल्यावर वरचा काही दिवसांत का जातो, हे मला मिस्त्रींनीच समजावलं. खालून गळत होतं तोवर वरच्यावर पूर्ण दाब येतच नव्हता. शिवाय एअर काढताना पेडल अगदी तळापर्यंत जातं. एरवी पिस्टन कधी पोहोचत नाही अशा गंजलेल्या भागावरून वायसर घासला जातो आणि कापला जातो. शक्य असेल तर दोन्ही सिलिंडर आणि रबरी नळी एकदमच बदलावी. मी तसंच ठरवलं.

११ जूनला इंग्लंडमधल्या सुट्या भागांच्या दुकानातून दोन्ही सिलिंडर आणि नळी मागवली. कुरिअर धरून सुमारे १२,८०० रुपये. २० जूनला कुरिअर कंपनीचा निरोप आला : माल कस्टम्समध्ये आहे, केवायसी भरा. आधार, पॅन आणि बिलाची प्रत अपलोड केली. इथे एक काळजी घ्या. बिलावरचं नाव आणि पत्ता ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षरशः जुळला पाहिजे, आणि वस्तूचं वर्णन 'पार्ट्स' एवढंच न लिहिता 'क्लच मास्टर सिलिंडर' असं नेमकं लिहून घ्या. ड्युटी, जीएसटी आणि कुरिअरचं शुल्क मिळून ७,१४० रुपये भरले. पार्सल १ जुलैला हातात पडलं.

हे चालू असताना दुसरं घड्याळ टिकटिकत होतं. गाडीची नोंदणी १९ ऑगस्टला संपत होती. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि त्यासाठीचा अर्ज मुदत संपण्याआधी जास्तीत जास्त साठ दिवस करता येतो. म्हणून २० जूननंतर वाहन पोर्टलवर फॉर्म २५ भरला. तेव्हा साध्या मोटारीला ही फी ५,००० होती. परदेशातून आणलेल्या चारचाकीला एप्रिल २०२२पासून ४०,००० होती. शिवाय पेट्रोल गाडीचा पर्यावरण कर तेव्हा ३,००० होता. मागच्या वेळच्या आकड्याच्या आठवणीत राहू नका, पोर्टलवर जो आकडा दिसतो तो पाहून पैशांची तजवीज करा. विमा आणि पीयूसी चालू असायला हवं. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसाही मी घरीच दोन प्रतींत तयार ठेवला होता. तपासणीची तारीख १८ जुलै मिळाली.

गाडी स्वतः न्यावी लागते. आवारात पुढे-मागे करावी लागते, मागचा लाइट दाखवायला रिव्हर्स टाकावा लागतो. क्लच झाला नसता तर फी भरूनही उपयोग नव्हता. त्या आठवड्यांत रात्री मध्येच जाग यायची आणि पहिला विचार पार्सलचा असायचा.

७ जुलैला, रविवारी, मिस्त्री घरी आले. बाहेर साताऱ्याचा जुलैचा पाऊस, आम्ही पोर्चमध्ये ताडपत्री बांधून. मास्टर काढणं हेच या कामातलं खरं कष्टाचं. पेडलजवळचा नट गाठायला माणसाला उताणं होऊन डोकं पेडलखाली घालावं लागतं. भाच्याचं अंग लवचिक म्हणून ते त्याने केलं. नवा मास्टर बसवण्याआधी मिस्त्रींनी तो टेबलावरच तेलाने भरून, दांडी हळूहळू दाबून त्यातली हवा काढली. ही पायरी गाळली की नंतर तासन्‌तास पंप करत बसावं लागतं. तरीही पेडल पूर्ण येईना, तेव्हा त्यांनी स्लेव्ह बोल्टमधून सोडवला, हवा काढायची निपल सगळ्यात वर येईल असा तिरका धरला आणि पिस्टन अंगठ्याने सावकाश आत दाबला. वरच्या डबीत बुडबुडे आले. पुन्हा एकदा, आणि मग नुसतं तेल.

तेल नेहमी सीलबंद बाटलीतलंच घ्या. अर्धी उघडी बाटली वर्षभर ठेवून वापरू नका. इंजिन ऑइल किंवा कोणतंही खनिज तेल त्यात गेलं तर रबर फुगून सगळं वाया जातं. भाग धुवायला पेट्रोल वापरू नका. आणि हे तेल रंग खातं, सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता. आम्ही डबीभोवती ओली फडकी गुंडाळून ठेवली होती.

शेवटी पेडलच्या दांडीचा खेळ जुळवला. पाय नसताना दांडी आणि पिस्टन यांच्यात किंचित मोकळीक राहिलीच पाहिजे. ती नसेल तर तेल डबीत परत जायचं छिद्र उघडत नाही, दाब अडकून राहतो आणि चांगली प्लेट घसरून जळायला लागते. भाच्याने पुन्हा पट्टी लावली. तेरा. मला इतका आनंद झाला की मी मिस्त्रींच्या पाया पडले. त्यांनी मजुरीचे १,८०० घेतले, दोन कप चहा घेतला आणि काढलेले दोन्ही जुने सिलिंडर टाकून देऊ नका असं बजावून गेले.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, १८ जुलैला, सकाळी लवकर आरटीओत गेले. रांग मोठी होती, दुपार झाली. साहेबांनी चेसिस आणि इंजिन नंबर पडताळला, ब्रेक, हॉर्न, वायपर पाहिले. हेडलाइट बॉनेटमधून वर उठतात ते त्यांनी दोनदा उघडझाप करायला लावले, आणि आजूबाजूचे लोक जमा झाले. मग म्हणाले, "रिव्हर्स घ्या, मॅडम." पेडल दाबलं, गिअर पडला, आवाज नाही. ऑगस्टमध्ये नवं आरसी पोस्टाने आलं, ऑगस्ट २०२९पर्यंतचं.

क्लचचा सगळा खर्च तेलासकट २३,००० रुपयांच्या आसपास गेला. गिअरबॉक्स जागेवरच आहे. पेडल दाबल्यावर अगदी बारीक घरघर ऐकू येते, ती रिलीज बेअरिंगची. पेडल सोडलेलं असताना आवाज येऊन दाबल्यावर थांबत असता तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर संशय घ्यावा लागला असता. ती घरघर वाढली की गिअरबॉक्स उतरवेन, आणि तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज आणि पायलट बेअरिंग हे सगळं एकाच वेळी बदलून घेईन. त्यासाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. क्लचचं तेल आता दर दोन वर्षांनी बदलणार, तारीख डबीच्या झाकणावर लिहिली आहे. जुने दोन्ही सिलिंडर मिस्त्रींच्या ओळखीच्या लेथवाल्याकडे दिलेत. तो आतून पितळी स्लीव्ह घालून पुन्हा पाच आणि सहा सुताला आणून देणार आहे.